शिळं पाणी

ये, अशी पुढं सरक. आणखी जवळ. तो मोबाईल आधी पालथा ठेव. काय गं अनू, दोनदा टाकी भरलीस, दोनदा मासे मेले, आणि आता तिसऱ्यांदा दुकानात जायच्या आधी तुला ही काचवाली आज्जी आठवली होय? तुझी आई म्हणते, तिला वेळ नसतो. मेलेले मासे जाळीनं काढून टाकायला बरा वेळ मिळतो. मुक्या जिवाला घरात आणायचं, काचेत ठेवायचं, आणि विचारायचं कधी, तर ते उलटं तरंगायला लागल्यावर. असं करतात का बाळा?

तू समोर नाहीस, लग्न होऊन गेल्यापासून पुण्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटात आहेस, हे मला कळतं. पण मला कोरा कागद बघून लिहिता येत नाही, समोर कुणीतरी बसलेलं लागतं. म्हणून मासे पाळायच्या माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहायला घेताना मी तुला बसवलं. आणखी कुणी वाचत असेल तर त्यांनीही बसावं, जागा आहे. एक सांगून ठेवते. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतो. पुण्याची माणसं हसतात. हसू देत. लिहिताना मी शाळेत शिकवलं तसं 'आले, गेले' लिहिते, पण ह्यातली माणसं बोलतील ती त्यांच्या तोंडानं बोलतील.

आधी तुझं काम. फोनवर तू म्हणालीस, "आज्जी, किती स्वच्छ ठेवते गं मी! दर रविवारी सगळं पाणी काढते, टाकी घासते, ताजं पाणी भरते, तरी का मरतात?" अगं, म्हणूनच मरतात. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते. आपल्याला ती पोटात चालते, माशांच्या कल्ल्यांना ती जाळते. पाणी बादलीत भरून एक रात्र, एक दिवस उघडं ठेवायचं, वर फक्त पातळ फडकं. मग ते टाकीत. मोठ्या शहरांत हल्ली पावडरीच्या जागी दुसरं औषध घालतात, ते ठेवून उडत नाही म्हणतात, त्यासाठी दुकानात थेंब मिळतात, ते विचारून घे. आणि सगळं पाणी कधीच काढायचं नाही. आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा, तेवढंच शिळं पाणी वर घालायचं. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या त्याच गढूळ पाण्यात पिळायचा. तुला घाण दिसते ना त्यात, ती सगळी घाण नसते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वसलेले असतात, ते माशांची विष्ठा खाऊन पाणी राहण्यासारखं करतात. तू दर रविवारी ती वस्ती उठवतेस आणि माशांना सोडतेस ओसाड चकचकीत घरात.

चकचकीत घर म्हटलं की मला आमची आत्ती आठवते. आणि आत्ती आठवली की घास कडू होतो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडं आलेली. आमचं घर शिवाजी पेठेत, पुढं आप्पांचं काचेचं दुकान, मागं दोन खोल्या आणि न्हाणी. आप्पा देवादिकांच्या तसबिरींना काच बसवायचे. हिऱ्याची पेन्सिल काचेवरून फिरली की कर्र असा लांब आवाज यायचा, मग टकटक, आणि काच कशी भाकरीसारखी मोडायची. माझं बालपण ह्या कर्र आवाजावर आणि आत्तीच्या भांडी घासण्यावर गेलं. पहाटे नळाला पाणी यायचं. ते आलं की आत्ती कालचं पाणी, मग ते घागरभर असो की तांब्याभर, अंगणात ओतून द्यायची, तांब्याची भांडी चिंचेनं आणि राखेनं घासायची आणि ताजं भरायची. "शिळं पाणी घरात ठिवलं की दरिद्र येतं," हे तिचं बोलणं. हे काही तिचं एकटीचं नव्हतं. आमच्या सगळ्या गल्लीत पहाटे हाच आवाज असायचा, कालचं पाणी दगडावर पडल्याचा. अजून माझ्या कानात आहे तो. आई आमची गरीब. ती भाकऱ्या थापायची, तांबड्या रश्श्याला फोडणी द्यायची आणि आत्तीच्या मागं मागं पुसत राहायची.

अशा घरात माशांची टाकी आली ती चुकून. एका जैन व्यापाऱ्याच्या तरुण मुलानं हौसेनं आप्पांना टाकी बनवायला सांगितली होती. आप्पांनी जन्मात पहिल्यांदा तसलं काम केलं, लोखंडी पट्टीची चौकट, आत काच, सांध्यांतून पाणी गळू नये म्हणून लांबी. टाकी घरी पोचली आणि त्या मुलाच्या आज्जीनं ती तशीच परत पाठवली. निरोप काय, तर "जीव कोंडायचा न्हाय आमच्या घरात." आप्पा हसले होते. मीही हसले होते. आता वाटतं, आख्ख्या कोल्हापुरात तेवढी एकच बाई शहाणी होती.

टाकी आक्कानं मागून घेतली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालन. अनू, तुझ्या आईची आई. तू जी आज्जी पाहिलीस ना, जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसलेली, विचारलं तर मान हलवणारी, ती ही नव्हे. माझी आक्का इतकी बोलायची, इतकी बोलायची की आप्पा म्हणायचे, "हिच्या तोंडाला लांबी लावायला पायजे." स्वयंपाक करताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, झोपेतही बोलायची. गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करायची. आत्तीच्या पाठीमागं आत्तीची नक्कल करायची आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. मला ती 'बारके' म्हणायची. गावातल्या एका विहिरीत डास मारायला गप्पी मासे सोडलेले होते, तिथून आम्ही दोघींनी ओढणीनं मासे धरून आणले. "हेंचं नाव गप्पी का माहीत हाय, बारके?" आक्का म्हणाली. "बघ तोंड कसं सारखं चालू हाय. गप्पा मारत्यात." तेव्हापासून आप्पा आक्कालाच गप्पी म्हणायला लागले. आत्ती म्हणायची, "गप्प ऱ्हातात म्हणून गप्पी. शिका जरा."

आक्काला शिकवायला कुणी नव्हतं. पहिले मासे तिनं ताज्या पाण्यात सोडले, ते दुपारपर्यंत मेले. पण बादलीच्या तळाला विहिरीचं उरलेलं पाणी होतं आणि त्यात दोन मासे विसरून राहिले होते, ते जिवंत. तिनं तिथंच धडा घेतला. त्या दिवसापासून जिन्याखाली एक बादली कायम, फडक्यानं झाकलेली, शिळ्या पाण्याची. रंकाळ्याच्या कडेची पाणवेल आणून तिनं टाकीतल्या वाळूत रोवली. ती वेल वाढते, पाण्यातलं नको ते खाते आणि पिल्लांना लपायला जागा देते. अजून कुठल्याही यंत्रापेक्षा मी वेलीवर जास्त भरवसा ठेवते. टाकी उन्हात ठेवली तर हिरवी होते, म्हणून तिनं ती दुकानाच्या मागच्या भिंतीला ठेवली, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशी. खाणं चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं. मासे वर येऊन तोंड वासतात म्हणजे भुकेले असतात असं नव्हे, ती त्यांची सवय. टाकलेलं बघता बघता संपलं पाहिजे. तळाला गेलं म्हणजे जास्त झालं, ते कुजतं. उपाशी राहून मेलेला मासा मी आयुष्यात क्वचित बघितला, लाडानं मेलेले पुष्कळ.

आत्तीला ती बादली खुपायची. "शिळं पाणी हाय ते, वत," ती म्हणायची. आक्का बादलीवर हात आडवा धरायची आणि आत्तीशी असलं काहीतरी बोलायची की आत्तीला हसू आवरायचं नाही. आक्काच्या जिभेवर ती बादली टिकून होती.

मग आक्काचं लग्न झालं. मुरगूडकडं दिली. घर मोठं, ऊस, दावणीला म्हशी, नवरा कारखान्यावर नोकरीला. सगळे म्हणाले, शालीनं नशीब काढलं. जाताना तिनं रडारड केली नाही, माझ्या कानात म्हणाली, "बादली भरून ठेव. आन् बोलत जा त्येंच्याशी, सवय हाय त्येंना." मी रोज शाळेतून आले की टाकीपुढं बसून दिवसभराचं सांगायची. तुला हसू येईल. येऊ दे.

पहिल्या पंचमीला आप्पा तिला आणायला गेले. जीपमधून जी उतरली ती बघून आईनं भाकरतुकडा ओवाळायचा ठेवला आणि नुसती बघत राहिली. गालाची हाडं वर आलेली, डोळे पिवळट. आणि गप्प. विचारलं की मान हलवायची. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आत्तीनं निदान केलं, "पाणी बदललं की हुतंय असं. बाधलंय जरा. मानवंल हळूहळू." गल्लीतल्या बायका बघायला आल्या, त्यांनीही तेच म्हटलं, "मानवंल." तो शब्द मी त्या महिन्यात इतका ऐकला की अजून तो कुणी उच्चारला की मी तिथून उठते.

दुकानातून नवीन मासा पिशवीत घालून देतात ना, अनू, तो घरी आणून तसाच टाकीत उपडा करायचा नाही. पिशवी बंद तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं ऊबदार होईपर्यंत. मग पिशवी उघडून वाटीनं टाकीतलं थोडं पाणी तिच्यात घालायचं. थांबायचं. पुन्हा थोडं. थांबायचं. मग जाळीनं मासा सोडायचा. इतकं करूनही तो चार दिवस वेलीमागं लपतो, खात नाही. तेव्हा दिवा लावून, काचेवर टिचक्या मारून बघायचं नाही कसा आहे म्हणून. इतकी काळजी आपण एका माशाची घेतो. आणि पोरगी? पोरगीची पिशवी फाडतो आणि उपडी करतो. वर म्हणतो, मानवंल.

ती घरी असताना दिवसभर टाकीपुढं बसायची. मी तिच्याजवळ बसून एकटीच बोलायची, पूर्वी ती बोलायची तसं, तिच्याच नकला तिलाच करून दाखवायची. एका दुपारी आत्ती देवळात गेली होती, आई मागं निवडत होती. आक्का काचेकडं बघत म्हणाली, "बारके, मी तिथं लई बोलतो म्हणत्यात." मी म्हटलं, मग? "मग सासूबाई पहाटे तोंडात पाणी धरायला लावतात. चूळ भरायची आन् धरून ठेवायची. शेण काढताना, झाडताना, भाकरी थापताना. समदी जेवून उठूस्तवर. गिळायचं न्हाय, थुकायचं न्हाय. मधी सांडलं तर मला ताट न्हाय."

मी बारकी होते. मला दुसरं काही सुचलं नाही, मी विचारलं, "कुठलं पाणी?"

आक्का हसली. त्या खेपेला ती एकदाच हसली. "ताजं," म्हणाली. "आत्तीला आवडंल असं."

मी तशीच उठून आईला सांगितलं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. रात्री तिनं आप्पांना सांगितलं, आणि भिंत पातळ असल्यामुळं आत्तीनं ते ऐकलं. सकाळी तिघं स्वयंपाकघरात बसले. मला बाहेर घालवलं, पण मी दारामागं होते. आई म्हणाली, "पोरीला ठिवून घिऊ या." जन्मात पहिल्यांदा तिनं काहीतरी ठरवून बोललेलं मी ऐकलं. आत्ती म्हणाली, "मारत्यात काय? न्हाय. उपाशी ठिवत्यात काय? सांडलं तरच. मग सांडू ने. जीभ लांब हाय पोरीची, म्या सांगत न्हवतो? आन् बारकीचं कोण करणार मग, थोरली घरात बसल्यावर?" आप्पा उठले. मग त्यांनी दुकान उघडलं आणि कर्र आवाज सुरू झाला. त्या आवाजावरनं मला कळलं की ठरलं.

गौरीच्या आत तिला न्यायला पावणं येणार होते. ते येणार त्या दिवशी आत्तीनं पहाटेपासून घर काढलं. शेणानं अंगण, राखेनं भांडी, चौकटी पुसल्या, देव घासले. मग आक्काला आणि मला म्हणाली, "अंबाबाईची ओटी भरून या जावा. जाताना दर्शन झालेलं बरं." आम्ही गेलो. वाटेत आक्का एक शब्द बोलली नाही. देवीपुढं बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं मी विचारलं नाही, मला माहीत होतं.

परत आलो तर टाकी चमकत होती. दुकानातून आत पाऊल टाकलं की समोरच, उजेड पडून आरपार दिसणारी, जणू आत पाणीच नाही. आत्तीनं पदर खोचलेला, हात धुण्याच्या सोड्यानं पांढरे पडलेले. काथ्यानं आणि सोड्यानं तिनं काच घासली होती. वाळू चिंचेनं धुतली होती. वेल शेवाळ म्हणून उकिरड्यावर टाकली होती. आणि पहाटेचं ताजं नळाचं पाणी काठोकाठ भरून मासे त्यात सोडले होते. श्रावणात नदी गढूळ, त्या दिवसांत पावडर जास्तच घालायचे, पाण्याला वास यायचा. मासे सगळे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून.

"बघ कसं नाचाल्यात," आत्ती म्हणाली. ती खूश होती. तिच्या मनात पाप नव्हतं, हे मी तेव्हाही मानत होते, आताही मानते. त्यानं काही गोड होत नाही.

आक्का जिन्याकडं धावली. बादली घासून पालथी घातलेली. "शिळं पाणी कुठाय?" आक्का ओरडली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात घुमला.

"पावणं येणार आन् घरात शिळं पाणी ठिवू?" आत्ती म्हणाली.

आक्कानं माझ्या हातात बादली दिली. "बारके, पळ. कुणाच्या तरी घरात असंल."

मी पळाले. अनू, ते पळणं मी मेल्यावरच विसरेन. शेजारच्या काकींच्या दारात गेले, "काकी, शिळं पाणी हाय काय?" काकींनी कमरेवर हात ठेवले. "आमच्यात शिळं पाणी? काय बोलालीस पोरी सकाळच्या पारी!" पुढच्या दारात गेले, तिथल्या सासूनं घासलेली घागर वाजवून दाखवली, "हे बघ, ताजं. कोण म्हंतंय गं आमच्यात शिळं असतंय?" तिसरीकडं तर दार लावून घेतलं. आख्ख्या गल्लीत, सणाच्या तोंडावर, सगळ्या बायका कंबर मोडून घर घासून बसलेल्या, आणि एका घरात तांब्याभर शिळं पाणी नाही. चार मासे जगतील एवढंसुद्धा नाही. इतकी स्वच्छ होती आमची गल्ली.

शेवटी तालमीचा हौद आठवला. पोरींनी तालमीत पाय टाकायचा नसतो. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून रडतच म्हणाले, "शिळं पाणी पायजे." आतले पैलवान लंगोटावरच होते, ते खो खो हसले आणि आत पळाले. वस्ताद दारात बसलेले. त्यांनी बादली घेतली, हौदात बुचकळली आणि म्हणाले, "घे. हितलं पाणी कवाच शिळं झालंय, ह्या पोरांच्या अकलंगत." त्यांनी एकट्यांनी मला काही विचारलं नाही.

निम्मी बादली रस्त्यात सांडली. पोचले तर दारात जीप उभी. दुकानात सतरंजी टाकलेली, पावणं बसलेले, आक्काचे सासरे, सासूबाई, नवरा. आक्का डोक्यावरनं पदर घेऊन आईजवळ उभी. चहाचा ट्रे आणि पाण्याचे पेले पुढं. गप्पी म्हणजे चिवट जात, गटारात जगते, डबक्यात जगते. ती त्या स्वच्छ पाण्यात मेली होती. सगळे मासे वर, पोटं पांढरी. मी बादली धरून उभी.

सासरे टाकीकडं बघून म्हणाले, "काय सोच्च हाय वो! मासं झोपल्यात काय?"

"व्हय, ह्या टायमाला झोपत्यात," आत्ती म्हणाली.

"झोपलं न्हाईत," आक्का म्हणाली. "मेल्यात." सगळे तिच्याकडं वळले. "आप्पा, मी न्हाय जाणार."

चहाचा घोट कुणाच्या तरी घशात वाजला. सासूबाईंनी आत्तीकडं बघून भुवया वर केल्या, म्हणजे, ऐकलंत ना, अशी बोलती. नवरा आपल्या चपलांकडं बघत होता. आई एक पाऊल पुढं आली आणि आप्पांकडं बघून थांबली. आप्पा टाकीजवळ उभे होते. त्यांनी अंगठ्यानं काच पुसली, जिथं डाग नव्हता तिथं. म्हणाले, "जा, बाळ. मानवंल."

आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती पुढं आली, ट्रेमधला पाण्याचा पेला उचलला, आणि तोंड भरून घेतलं. गाल फुगेपर्यंत. पेला खाली ठेवला. आत्तीच्या पाया पडली, आप्पांच्या पडली, आईच्या पडली. माहेरून निघताना पोरगी 'येतो' म्हणते, 'जातो' म्हणायचं नसतं. सगळे तेवढ्या शब्दासाठी थांबले होते. ती तशीच, भरलेल्या तोंडानं, माझ्या डोक्यावर हात फिरवून बाहेर गेली आणि जीपमध्ये बसली. सासरे म्हणाले, "पोरगी रुसलीया." त्यांना बहुतेक कळलंच नाही. सासूबाईंना कळलं. त्या खाली बघत गेल्या. आई मागं न्हाणीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आत्तीनं तो पेला उचलला आणि घासायला घेतला.

तुला वाटेल, पुढं काहीतरी वाईट झालं. नाही. तेच तर. काहीच झालं नाही. आक्काला मानवलं. अंग धरलं, पोरं झाली, सासू म्हातारी होऊन गेली, घराच्या किल्ल्या हिच्या कमरेला आल्या. लोक म्हणायचे, मोठ्या घरची सून शोभती, एक शब्द जास्त न्हाय. सासू गेल्यावर तिला कुणी पाणी धरायला लावत नव्हतं, पण तिचं तोंड काही उघडलं नाही. मी जायची तेव्हा बोल बोल बोलायची, तिच्याच जुन्या नकला करायची. ती बघायची. एकदाही तिनं माशांचं विचारलं नाही. आणि तुझी आई, तुझ्या जन्माआधी, सासरी जाच होतो म्हणून माहेरी आली होती, हे तुला माहीत आहे का? मी योगायोगानं तिथं होते. आईपुढं बसून ती रडत होती. आक्कानं सगळं ऐकलं, तिला पाणी दिलं आणि एकच शब्द म्हणाली. कुठला ते तुला सांगायला नको. मी त्याच पावली एसटीनं परत आले आणि कितीतरी दिवस माझ्या बहिणीच्या घरी गेले नाही. आत्तीला मी कधीच माफ केलं नाही, आप्पांनाही नाही. पण आक्काचा राग ह्या सगळ्यांहून जास्त आला, आणि ती गेली तरी तो पुरता उतरलेला नाही. जिच्यासाठी मी गल्लीभर पळाले, तिनंच तुझ्या आईची बादली ओतून दिली.

मी लग्न केलं नाही. लोकांनी त्याची कारणं बरीच शोधली. काच कापायला शिकले, आप्पांनंतर दुकान चालवलं, तसबिरींपेक्षा टाक्या जास्त बनवल्या. दवाखान्यात, हॉटेलात, बंगल्यांत माझ्या टाक्या आहेत. प्रत्येकाला टाकी देताना मी विचारते, घरात बादली ठेवायला जागा आहे का? नसेल तर टाकी देत नाही. गिऱ्हाईकं म्हणतात, म्हातारी चक्रम आहे.

तुझ्या फोनचं राहिलंच. माशांचं सांगून झाल्यावर मी विचारलं, तू बरी आहेस ना गं? तू म्हणालीस, "हो, मजेत. मी हल्ली बोलतच नाही फारसं, त्यामुळं घरात शांतता असते." आणि लगेच हसून फिल्टरचं विचारलंस. मी फिल्टरचं सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र माझं जेवणात मन लागलं नाही, कारण तू चार वर्षांची असताना ह्याच दुकानात येऊन इतकी बोलायचीस की गिऱ्हाईकं काच विसरून तुझ्याकडं बघायची. अगदी शाली.

तिसऱ्यांदा मासे आणू नकोस. टाकी तशीच राहू दे, नुसतं पाणी भरून, वेल लावून, महिनाभर. आणि तू ये. पंचमीची वाट बघू नकोस, कुणी न्यायला यायची वाट बघू नकोस, विचारूनसुद्धा येऊ नकोस. पुण्याहून बसला बस आणि ये. किती दिवस राहायचं ते मी विचारणार नाही, आणि कुणी आलं तुला न्यायला तर त्यांना चहा मी देईन, पाण्याचे पेले काही ठेवणार नाही. जिन्याखाली बादली भरलेली आहे, झाकून. ये लवकर. आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर बोलायला लाग, काहीही बोल, मी आतनं ओ देते.